रोमान्स कादंबरी तिसऱ्या प्रकरणात का अडकते? नोंदवहीपासून शेवटच्या ड्राफ्टपर्यंत काय आधी, काय नंतर

नव्याने रोमान्स लिहिणाऱ्यांचे ड्राफ्ट मी बरेच वाचते, आणि त्यातले बहुतेक एकाच जागी बंद पडलेले असतात. पहिली भेट झकास, दुसऱ्या प्रकरणात मस्त खटके, तिसऱ्यात दोघं एकमेकांना आवडायला लागतात आणि पुढे काहीच नाही, फाइल सहा महिने तशीच पडून. विचारलं की उत्तर ठरलेलं, इन्स्पिरेशन गेलं. खरं सांगते, ते गेलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. भेटीचा सीन डोक्यात आला की लगेच लिहायला बसायचं, आणि हे दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत हा प्रश्न मात्र कधी विचारायचाच नाही, असं होतं. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने काम करते तो इथे मांडतेय. कृपया टप्पे पुढेमागे करू नका, विशेषतः ३ आणि ४.

## आधी एक चाचणी: तुम्ही रोमान्सच लिहिताय ना?

रोमान्स म्हणून वाचणाऱ्या वाचकाच्या दोन अपेक्षा पक्क्या असतात. प्रेमकथा हीच मुख्य गोष्ट हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. लग्नच व्हायला पाहिजे असं नाही, पण दोघं एकत्र आहेत आणि टिकतील असं वाटलं पाहिजे.

तपासून बघा: तुमच्या गोष्टीतून प्रेमाचा भाग पूर्ण काढून टाका. तरीही कादंबरी उभी राहत असेल तर ती रहस्यकथा किंवा कौटुंबिक कादंबरी आहे, तिच्यात प्रेम आहे इतकंच. ती जरूर लिहा, पण हा लेख तिच्यासाठी नाही.

## टप्पा १: लिहायच्या आधी २१ दिवस फक्त नोंदी

इन्स्पिरेशन लिहायला बसल्यावर येत नाही, ते आधी साठवावं लागतं. एक छोटी वही किंवा फोनमधलं नोट्सचं ॲप घ्या आणि रोज ३ नोंदी करा. २१ दिवसांत ६३ होतील, त्यातल्या चार-पाच कामाच्या निघाल्या तरी भरपूर झालं.

नोंदीचे तीन भाग ठेवा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका:

१. काय दिसलं किंवा काय ऐकलं, जसंच्या तसं.
२. त्यात खटकलं काय.
३. माझा अंदाज काय.

माझीच एक नोंद देते, पुढे सगळीकडे हेच उदाहरण घेणार आहे. "रस्त्यावरून एक जोडी चाललीय. वळण आलं की तो मुलगा दर वेळी मागून फिरून तिच्या डाव्या बाजूला येतो. बोलणं तोडून येतो." खटकलं काय, तर रहदारी कुठल्याही बाजूला असो, त्याला तिची डावीच बाजू हवी होती. अंदाज, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसेल, म्हणून ती त्याच्या उजव्या हाताला हवी.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वागणं टिपायचं सोडून भावना टिपणं. "आज एक जोडपं बघितलं, किती प्रेम होतं त्यांच्यात" ह्या नोंदीचा सहा महिन्यांनी काडीचा उपयोग होत नाही, कारण त्यात दिसलं काय तेच नाही. पाऊस, मावळता सूर्य, तिचे डोळे हेही नको, ते सगळ्यांकडे असतं. कोण कोणासाठी थांबलं, कोणी कोणाचं वाक्य तोडलं, एकटं असल्यावर माणूस हातातल्या फोनशी काय करतो, माफी मागताना कोण कुठे बघतो, असलं टिपा.

मोठ्या वयाच्या जोडप्यांशी बोलायची संधी मिळाली तर "तुम्ही भेटलात कसे" हे विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी शंभर वेळा सांगून गुळगुळीत झालेलं असतं. "सोडून जावंसं कधी वाटलं होतं, आणि मग का नाही गेलात?" असं विचारा, अर्थात तेवढी जवळीक असेल तरच. माझ्या वहीतल्या सगळ्यात चांगल्या नोंदी ह्या एका प्रश्नातून आल्यात.

सांभाळा: गाणी ऐकून, फोटो बघून मूड तयार होतो, गोष्ट तयार होत नाही. प्लेलिस्ट करा, बोर्ड लावा, पण ते नोंदींमध्ये मोजू नका.

## टप्पा २: दोन नोंदी एकत्र करा, आणि स्वतःचं आयुष्य जपून वापरा

एका नोंदीतून कादंबरी होत नाही. एकीत माणूस मिळतो, दुसरीत परिस्थिती. माझी दुसरी नोंद होती एका कान तपासणाऱ्या बाईंची. त्या म्हणाल्या होत्या, "लोक ऐकू आलं नाही तरी बटण दाबतात, माझ्याकडे बघून दाबतात." दोन्ही शेजारी ठेवल्या आणि नायक-नायिका मिळाले. तो नाटकाचा साउंड ऑपरेटर, एका कानाची श्रवणशक्ती जातेय आणि तो ते लपवतोय. ती त्याची तपासणी करणारी, तो काम करू शकतो की नाही हे तिच्या रिपोर्टवर ठरणार.

आता स्वतःच्या अनुभवाबद्दल. स्वतःचं प्रेम, स्वतःचा ब्रेकअप वापरू नका असं मी म्हणत नाही, उलट भावना तिथूनच घ्या, ती दुसरीकडे कुठे मिळणार. पण घटना घेऊ नका. मत्सर कसा वाटला, फोनची वाट बघताना शरीराला काय होतं हे तुमचं आहे. पण ज्या माणसाचा फोन आला नाही तो माणूस तुमचा नाही. त्याची परवानगी तुमच्याकडे नाहीये.

सांभाळा: नुसतं नाव बदलून भागत नाही, लोक ओळखतात. व्यवसाय, घरची रचना आणि भांडणाचं कारण, कमीत कमी ही तीन बदला. बदलल्यावर गोष्ट कोसळत असेल तर तुम्ही कादंबरी नाही, हिशेब चुकता करायला बसलाय. थोडे महिने थांबा.

## टप्पा ३: "का नाही?" ह्याचं उत्तर लिहून काढा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच गाळला जातो. दोन माणसं एकमेकांना आवडतात, मग पान २० वर एकत्र का येत नाहीत? ह्याचं उत्तर जितकं भक्कम तितकी कादंबरी लांब चालेल. तिसऱ्या प्रकरणात अडकलेल्या जवळजवळ प्रत्येक ड्राफ्टमध्ये हे उत्तरच नसतं, किंवा असतं ते गैरसमजाचं असतं. तिने त्याला दुसरीबरोबर बघितलं, ती बहीण निघाली. वाचकाला पाचव्या पानावर कळतं आणि पुढची दोनशे पानं तो चिडून वाचतो.

अडथळे दोन लागतात, बाहेरचा आणि आतला. बाहेरचा म्हणजे परिस्थिती, इथे तो रिपोर्ट. आतला म्हणजे जवळ जाण्याबद्दलची भीती, जी ह्या माणसाच्या आधीच्या आयुष्यातून आलीय. दोघांसाठी वेगवेगळं हे वाक्य भरा:

"मला ___ हवंय, पण जवळ गेलो तर ___ गमवेन, कारण पूर्वी एकदा ___ झालं होतं."

त्याचं वाक्य असं. मला काम करत राहायचंय, पण तिला खरं सांगितलं तर काम गमवेन, कारण वडील आजारी पडून घरी बसले तेव्हा त्यांच्या मित्रांनी येणं बंद केलेलं मी बघितलंय. तिचं असं. मला कोणीतरी विश्वासाचं हवंय, पण जवळ गेले तर तो माणूस गमवेन, कारण बहिणीला एकदा मी खरं ते स्पष्ट सांगितलं आणि ती परत बोलली नाही.

आता १० मिनिटांची चाचणी. दोघांना मनातल्या मनात एका खोलीत बसवा आणि १० मिनिटं अगदी खरं बोलू द्या. प्रश्न सुटला? मग तो अडथळा नव्हताच. आपल्या उदाहरणात बघा, तो जितकं खरं बोलेल तितकी ती अडचणीत येणार, कारण कळल्यावर तिला खोटा रिपोर्ट लिहिता येणार नाही. खरं बोलल्याने गुंता सुटायच्या ऐवजी वाढतो, असा अडथळा हवा.

आणि एक, दोघंही आपापल्या जागी बरोबर हवेत. एक शहाणा आणि एक मूर्ख असेल तर ती प्रेमकथा राहत नाही, शिकवणी होते. खलनायिका, कपटी जुना प्रियकर, ऐनवेळी येणारा अपघात ह्यांना शक्यतो बोलवू नका, अडथळा कमी पडला की लोक त्यांना बोलावतात.

तपासून बघा: दोन्ही वाक्यं एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवा. तिने "मग सांगून टाकायचं ना सरळ" असं म्हटलं तर टप्पा ३ परत करा. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: शेवटचं पान आधी

हे ऐकून बरेच जण म्हणतात मला शेवट आधी माहीत असेल तर लिहायची मजा जाते. पण रोमान्समध्ये शेवट आनंदी आहे हे वाचकालाही आधीच माहीत असतं, त्याला उत्सुकता असते ती हे कसं जमणार ह्याची. म्हणून एक पान, कच्चं, भाषेचा विचार न करता लिहा. त्यात एवढंच ठरवा की कोण काय सोडतो.

आमच्या गोष्टीत ती त्याची केस दुसऱ्या तपासनिसाकडे देते, म्हणजे स्वतःच्या हातातलं नियंत्रण सोडते. आणि तो रिपोर्ट यायच्या आधी स्वतः जाऊन नाटकाच्या ग्रुपला सांगतो. दोघांनी किंमत मोजली. एकट्या तिनेच नोकरी सोडली, गाव बदललं, माफी मागितली असं असेल तर शेवट गोड लिहूनही वाचकाच्या तोंडात कडू चव राहते. त्याने तिला वाचवलं हाही शेवट टाळा, वाचवलेलं माणूस उपकारात राहतं.

## टप्पा ५: जवळीक पायरी-पायरीने चढवा

आता सीन. १५ ते २० कार्डं घ्या, एका कार्डावर एक सीन. प्रत्येक कार्डावर दोनच गोष्टी लिहा, सीनच्या आधी दोघं किती लांब होते आणि नंतर किती. अंतर बदललं नाही तर तो सीन कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवा.

क्रम लावायला एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात अनोळखी माणसांच्या जोड्यांना साधारण ४५ मिनिटांत ३६ प्रश्न दिले होते, १२-१२ चे तीन गट, आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा जास्त खाजगी. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा ह्या जोड्यांना जास्त जवळीक वाटली. आपल्यासाठी ह्यातली कामाची गोष्ट म्हणजे चढण. थोडं सांगायचं, समोरच्यानेही तेवढंच सांगायचं, मग त्याहून थोडं जास्त. नवीन लेखक दुसऱ्याच भेटीत नायकाकडून सगळं दुःख सांगून घेतो, मग पुढे चढायला काही उरतच नाही.

ह्याच ॲरन आणि डोनाल्ड डटन ह्यांचा १९७४ चा प्रयोगही माहीत असू द्या. कॅनडात कॅपिलानोच्या हलणाऱ्या उंच झुलत्या पुलावरून आलेल्या पुरुषांपैकी जास्त जणांनी तिथे भेटलेल्या मुलाखतकार बाईंना नंतर फोन केला, बुटक्या भक्कम पुलावरून आलेल्यांनी कमी. अर्थ असा लावला गेला की भीतीने वाढलेली धडधड माणूस आकर्षण समजू शकतो. म्हणून भेटीचा सीन निवांत बागेत ठेवण्यापेक्षा दोघं आधीच कशाने तरी हादरलेले असतील तिथे ठेवा. आपल्या गोष्टीत, नाटकाचा प्रयोग चालू असताना आवाज बंद पडलाय, प्रेक्षक बसलेत, तो अंधारात वायर शोधतोय आणि ती नेमकी त्याच्या डाव्या बाजूने बोलतेय.

शिड्या खरं तर दोन असतात, शरीराची आणि सत्याची, आणि ताण तयार होतो तो एक पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली की. दोघांनी चुंबन घेतलंय पण मोठी गोष्ट अजून सांगितलेली नाही, किंवा सगळं सांगून झालंय आणि साधा हातही धरलेला नाही. दोन्ही शिड्या एकाच वेळी वर पोचल्या की कादंबरी तिथेच संपते, मग ते पान ९० असो की ३००. तुमची फाइल तिसऱ्या प्रकरणात का संपली ह्याचं उत्तर बऱ्याचदा इथेही सापडतं.

तपासून बघा: शारीरिक जवळीकीचा प्रत्येक सीन काढून पुढचं प्रकरण वाचा. काहीच बदललं नाही तर तो सीन अजून लिहून झालेला नाही. त्यात कोणीतरी काहीतरी कळून बाहेर पडलं पाहिजे.

## टप्पा ६: रिसर्च, पण मोजका

दोन दिवस पुरेत. पात्राचं काम खरोखर करणाऱ्या एका माणसाशी बोला आणि तुम्ही काय करता हे विचारण्याऐवजी दिवसात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो ते विचारा. श्रवण चाचणीचं मला कळलं ते इतकंच, की माणूस आवाजबंद खोलीत बसतो, हेडफोनमधून साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. पण कादंबरीला लागला तो वैताग, लोक चेहरा बघून बटण दाबतात. तिथून माझा सगळ्यात आवडता सीन आला. तो काचेपलीकडून तिचा खांदा हलताना बघून बटण दाबतो, ती ओळखते आणि खांदा स्थिर ठेवून वाट बघत बसते. रिसर्चमधलं बाकी सगळं वहीतच राहू द्या.

## टप्पा ७: रोजचं लिहिणं

आता फाइल उघडा. ६०,००० शब्दांचं टार्गेट धरलं तर रोज ५०० शब्द, आठवड्यात ५ दिवस, म्हणजे आठवड्याला २,५०० आणि २४ आठवडे. मूड असेल तेव्हा ३,००० आणि नसेल तेव्हा शून्य ह्या पद्धतीने पात्रांचा आवाज हातातून सुटतो, परत पकडायलाच दोन दिवस जातात. कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोस्ट खात्यात नोकरी करत पहाटे ५:३० ला लिहायला बसायचे आणि समोर घड्याळ ठेवून दर १५ मिनिटांना २५० शब्द काढायचे, त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तेवढा वेग आपल्याला नको, पण वेळ मात्र ठरलेली हवी आणि घरातल्यांना ती माहीत हवी. "मी लिहितेय" हे सांगायला लाजू नका, रोमान्स लिहितेय हे सांगायला तर अजिबात नाही.

रोज बसताना एवढं पाळा:

- कालचं फक्त शेवटचं पान वाचा, त्याच्या मागे जाऊ नका. मागे गेलात की दुरुस्त्या सुरू होतात आणि पहिलं प्रकरण चाळीस वेळा सुधारलं जातं.
- सीन अर्धा असतानाच उठा, पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना.
- संवाद अडले तर बोलून टाइप करा. रोमान्स लेखिका बार्बरा कार्टलँड सोफ्यावर पडून सेक्रेटरीला अख्ख्या कादंबऱ्या तोंडी सांगायच्या, आपल्याकडे फोनचं व्हॉइस टायपिंग आहे. बोललेलं वाक्य लिहिलेल्यापेक्षा छोटं येतं आणि खरं वाटतं.

स्वतःचं मन ठिकाणावर नसतं तेव्हा काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि प्रेमाबद्दल लिहिणाऱ्याला तर हे हमखास येतं. घरात भांडण झालंय, कोणीतरी गेलंय, आणि आज नेमका पहिल्या स्पर्शाचा सीन आहे. अशा दिवशी तो सीन ओढूनताणून लिहू नका, तो खोटा येतो आणि नंतर पूर्ण फेकावा लागतो. कार्डांमधली कामाची, मित्रमैत्रिणींची, रस्त्यावरची चार-पाच कार्डं अशा दिवसांसाठी वेगळी काढून ठेवा. ५०० शब्द त्यातले होऊ देत. दुरावा येतो तो सीनही ह्या दिवशी लिहू शकता, पण लिहून झाल्यावर किमान एक आठवडा वाचायचा नाही, त्यात तुमचे शब्द पात्राच्या तोंडी आलेले असतात.

अडलात तर: पात्राला काय हवंय हे ह्या सीनपुरतं एका वाक्यात सांगता येतं का बघा. येत नसेल तर कार्ड चुकलंय. येत असेल पण अडवणारं कोणी नसेल तर टप्पा ३ कच्चा आहे. दोन्ही ठीक असून हात चालत नसेल तर बहुतेक तुम्ही दमलाय, सुट्टी घ्या.

## टप्पा ८: थंड होऊ द्या, मग चार फेऱ्या

ड्राफ्ट झाला की ३ आठवडे बंद. मग एका फेरीत एकच गोष्ट बघा.

पहिली फेरी अडथळ्याची, तो शेवटपर्यंत टिकतो की मध्येच विरतो. दुसरी दोन्ही बाजूंची. तिच्या नजरेतली पानं एका रंगाने आणि त्याच्या नजरेतली दुसऱ्या रंगाने मार्क करा, सलग ५० पानं एकच रंग दिसला तर एक माणूस नुसता शोभेला उरलाय. तिसरी फेरी शब्दांची. धडधड, श्वास, ओठ, डोळे, शहारा हे शब्द फाइलमध्ये सर्च करा आणि आकडा बघा. धडधड ३४ वेळा असेल तर ३ ठेवा आणि बाकीच्या जागी टप्पा १ च्या वहीतलं वागणं घाला. तो चालता चालता बाजू बदलतो, एवढं पुरतं. चौथी फेरी सगळे संवाद मोठ्याने वाचायची.

शेवटाकडे परत जायला कंटाळू नका. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेननी 'पर्स्युएशन' ही कादंबरी जुलै १८१६ मध्ये पूर्ण केली, पण त्यातले नायक-नायिका परत एकत्र येतात तो भाग त्यांना सपक वाटला आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी तो नव्याने लिहिला. रद्द केलेली पानं अजून जपलेली आहेत. जुन्या रूपात दोघांना एका घरात अचानक एकटं सोडलं जातं आणि बोलणं होऊन जातं, नव्यात तो तिचं दुसऱ्या कोणाशी चाललेलं बोलणं ऐकत ऐकत तिला पत्र लिहितो. आधी योगायोग मिटवतो, नंतर माणूस स्वतः धाडस करतो. तुमच्या शेवटच्या सीनमध्ये हे कोण करतंय ते बघा.

## टप्पा ९: तीन वाचक, चार प्रश्न

तीन जणांना द्या, त्यातले दोन नेहमी रोमान्स वाचणारे हवेत. "कशी वाटली" विचारलंत तर "छान" एवढंच मिळेल. हे विचारा:

१. वाचन कुठे थांबवलं?
२. हे दोघं एकत्र यावेत असं पहिल्यांदा कुठल्या पानावर वाटलं?
३. दुरावा आला तेव्हा पटलं का?
४. कोणाचा राग आला?

तिघांपैकी दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथे नक्की काहीतरी चुकलंय. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र लगेच घेऊ नका, कारण बिघाड बऱ्याचदा त्या जागेच्या ३० पानं आधी असतो.

सांभाळा: ज्या माणसाच्या आयुष्यातून एखादी नोंद आली त्याला बीटा रीडर, म्हणजे ड्राफ्ट आधी वाचून मत देणारा वाचक, करू नका. तो कादंबरी वाचणार नाही, स्वतःला शोधत बसेल.

उत्तरं यायला महिना लागेल. तोपर्यंत ड्राफ्ट बंद आणि रोजच्या ३ नोंदी परत चालू. तिघांची उत्तरं हातात आली की फाइल उघडण्याआधी टप्पा ३ ची दोन्ही वाक्यं वाचा, वाचकांनी दाखवलेली जागा त्या वाक्यांमधल्या कुठल्या रिकाम्या जागेशी जुळते ते कार्डावर लिहा, आणि दुरुस्ती त्या कार्डापासून सुरू करा.